नीलाचा कडक टॅको

१२ एप्रिल २०२०, रविवार

आज नीलाचा दहावा झाला. कावळा शिवला नाही.

डोंबिवलीहून दत्तात्रय गुरुजी झूमवर होते. मागच्या अंगणात बार्बेक्यूशेजारी पाट मांडला, त्यावर पिंड ठेवला आणि लॅपटॉप दोन विटांवर उभा केला. सिडनीच्या या कॅसल हिलला कावळ्यांचा तोटा नाही. कुंपणावर तिघे बसले होते, तान्ह्या मुलासारखं त्यांचं रडणं चालू होतं, पण पिंडाकडे एकाने ढुंकून पाहिलं नाही. गुरुजी म्हणाले, "वहिनींची काही इच्छा राहिली असेल. मोठ्याने शब्द द्या." मी दिला. सावनीला जपेन. तुझ्या कढीपत्त्याला पाणी घालेन. तुझ्या भावाशी पुन्हा बोलायला लागेन. तासभर झाला, तिघेही जागचे हलले नाहीत.

शेवटी गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करा आणि तो टेकवा." लॉकडाउनमध्ये दर्भ कुठून आणू? लॉनमधलं गवत उपटलं, गाठ मारली, तिला कावळा म्हटलं आणि पिंडाला टेकवलं. सावनी टूवूंबाहून स्क्रीनच्या एका चौकोनातून बघत होती. ती तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. क्वीन्सलँडची बॉर्डर बंद झाल्यामुळे आईला शेवटचं बघायलाही तिला येता आलं नाही. मी इथे, नीलाच्या हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर, पण मी स्वतः पॉझिटिव्ह. त्यामुळे अंत्यविधी आम्ही बापलेकीने आपापल्या स्क्रीनवर पाहिला. मला दोन दिवस ताप आला आणि गेला. एवढंच.

सावनी म्हणते, "बाबा, रोज थोडं लिहीत जा." म्हणून ही वही. मार्चमधल्या आमच्या क्रूझच्या जहाजावरच्या दुकानातली आहे, वर नांगराचं चित्र. नीलाने सामानाच्या यादीसाठी घेतली होती. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात 'तूरडाळ' लिहिलंय. ते पान तसंच ठेवलंय.

१४ एप्रिल, मंगळवार

मी इंजिनियर माणूस, सगळं क्रमाने लिहितो. फेब्रुवारीत पॅरामॅटाच्या ऑफिसातून रिटायर झालो. पाच मार्चला न्यूझीलंडची क्रूझ धरली, सतराला सिडनीला परत. पंचवीसला नीलाला श्वास लागला म्हणून अँब्युलन्स बोलावली. तीन एप्रिलला ती गेली.

मला जहाजच आठवत राहतं. आमचं टेबल एकेचाळीस नंबरचं. तिथे न्यूकासलचं एक जोडपं होतं, बॅरी आणि ग्लेनिस. बॅरी रेल्वेतून निवृत्त, पोट सुटलेला, आवाज खणखणीत. पहिल्या शुक्रवारी मेक्सिकन जेवण होतं आणि तिथून जो वाद पेटला तो बारा दिवस विझला नाही.

जहाजावरचे टॅको म्हणजे ते पाकिटातले, मक्याचे, कडक, होडीसारखे वाकवलेले. आत घेवड्याचा लगदा, पिवळ्या चीजचा कीस, लेट्यूस. मी टेबलाला सांगितलं की हा प्रकार अमेरिकन कारखान्यातला आहे. मेक्सिकोत मी दोन वर्षं काढलीत, पुएब्लाला, मोटारींच्या कारखान्यात. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून पाट्यावर वाटतात. मऊ, तळहाताएवढी भाकरी, एकावर एक दोन, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. संपलं. ग्लेनिस माझ्या बाजूची. तिने मेक्सिकोच्या किनाऱ्याच्या दोन क्रूझ केल्या होत्या. ती म्हणाली, बंदराजवळच्या हॉटेलांतसुद्धा आमच्यासारख्यांसाठी मुद्दाम पिवळं चीज ठेवतात, खरं खायचं तर चार गल्ल्या आत जायला हवं. बॅरी म्हणाला, "मेट, माझी आई दर गुरुवारी कडक टॅको करायची. माझा खरा टॅको तोच." आणि नीला, माझी बायको, बॅरीच्या बाजूला! "म्हणजे आपला मसाला पापडच की, घडी घातलेला," म्हणाली आणि तीन खाल्ले. तिला कुरकुरीत काहीही चालायचं.

पण शेवटच्या शुक्रवारी तिनेच कबूल केलं. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आज याला काही चवच नाहीये." मी टाळी वाजवली. "ऐका, ही स्वतः सांगतेय!" असं सगळ्या टेबलाला इंग्रजीत ऐकवलं. ग्लेनिसने ग्लास उंचावला, बॅरी नीलाला फितूर म्हणाला. नीला हसली आणि नुसत्या आवाजासाठी म्हणून अजून एक खाल्ला. एवढ्या वादात तेवढा एक निकाल माझ्या बाजूने लागला. तो आठवला की अजून बरं वाटतं.

२१ एप्रिल, मंगळवार

जहाजावरून उतरताना आम्ही चौघांनी व्हॉट्सअॅपवर 'टेबल ४१' नावाचा ग्रुप केला होता. नीला हॉस्पिटलात होती तेव्हा ग्लेनिसने विचारलं होतं, मी 'रेस्ट घेतेय' लिहिलं. नंतर काही लिहिलंच नाही. बातमीत आमच्या जहाजावरच्या मृतांचा आकडा रोज वाढत होता, त्या ग्रुपवर मात्र सगळे जिवंत होते. मला ते मोडवेना.

आज दुपारी बॅरीचा मेसेज आला, "कडक टॅको झिंदाबाद. नीला, तू आहेस ना माझ्या बाजूने?"

नीलाचा फोन मी रोज चार्ज करतो. तो उचलला. तिचा पासवर्ड सावनीची जन्मतारीख. लिहिलं, "बॅरी बरोबर आहे. कुरकुर नाही तर टॅको कसला?" आणि पाठवून दिलं.

लगेच बॅरी: "दॅट्स माय गर्ल!" ग्लेनिसने हसरे चेहरे टाकले. मग माझ्या फोनवरून मी नीलाला चांगलं खरमरीत उत्तर दिलं, लांबलचक, चुन्याच्या पाण्यासकट. तिने तिकडून एका ओळीत उडवून लावलं. तासभर चाललं होतं. चहा प्यायचा राहून गेला. किती दिवसांनी मी हसलो, आणि मोठ्याने हसलो. स्वयंपाकघरात ती आहे असंच वाटत होतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

२९ एप्रिल, बुधवार

आता पद्धत बसलीय. माझं लिहायचं तेव्हा मी माझ्या खुर्चीत. नीलाचं लिहायचं तेव्हा उठून तिच्या खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून. माझ्या खुर्चीतून तिचं काही सुचतच नाही.

ग्लेनिस रोज दुपारी तीनच्या सुमाराला ग्रुपवर येते. तिचं झालं की पाच मिनिटांनी बॅरी. माणूस घड्याळासारखा. एकदा नादात मीच लिहून बसलो की चौघं व्हिडिओवर भेटू, तर ग्लेनिस म्हणाली, बॅरीला कॅमेरा आवडत नाही. लगेच मीही म्हटलं, नीलालाही नाही. सुटलो.

आज मात्र भलतंच झालं. मी पुएब्लाच्या माझ्या घरमालकिणीचं वर्णन लिहिलं होतं, गरम भाकऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्यासाठी कशी ठेवायची वगैरे. उठून नीलाच्या खुर्चीत बसलो आणि बोटांनी मराठीत लिहिलं: "तू तिथे गरम गरम खात होतास तेव्हा मी डोंबिवलीला दीड वर्षाची सावनी घेऊन एकटी होते. मला कधी नेलंस का तिथे? मग मला तुझ्या खऱ्या टॅकोचं कौतुक कशाला असेल?"

हे मी ठरवून लिहिलेलं नाही. हे मला कधी सुचलंही नव्हतं, आणि नीलाने आयुष्यात कधी बोलून दाखवलं नव्हतं. पाठवलं नाही, पुसून टाकलं. पण वाचलं ते वाचलंच. बराच वेळ घरामागच्या लाकडी डेकवर उन्हात बसून राहिलो.

३ मे, रविवार

सावनीचा फोन. हॉस्पिटलातूनच, मागे स्ट्रेचरच्या गाड्यांचा आवाज.

"बाबा, आईचा फोन कोणाकडे आहे?"

"इथेच. का गं?"

"काल ब्रेकमध्ये मी तिचा फोटो बघायला व्हॉट्सअॅप उघडलं. ती ऑनलाइन होती. बाबा, ऑनलाइन! मी कॉरिडॉरमध्ये खाली बसले. नर्सला वाटलं मला चक्कर आली."

चार्ज करताना हात लागला असेल, असं मी म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "एक तास ऑनलाइन होती." मग मी सांगितलं सगळं. तिला राग आला नाही. घाबरली. "तुला कोणाशी तरी बोलायला हवंय, प्रोफेशनल. आणि नंबर बंद कर." मी हो म्हटलं.

नंबर बंद केलेला नाही. फक्त ऑनलाइन दिसणार नाही असं काहीतरी सेटिंग असतं का ते शोधतोय.

१० मे, रविवार

आज मदर्स डे. सावनी सकाळीच व्हिडिओवर आली. डोळे सुजलेले. मला वाटलं नाइट शिफ्ट असेल.

"बाबा, एक सांगायचंय. महिनाभर सांगेन सांगेन म्हणतेय. पंधरा मार्चला आईने मला जहाजावरून व्हिडिओ कॉल केला होता, आठवतंय? ती म्हणाली, इथली कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, कशाचा वास नाही की चव नाही. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, आई, क्रूझवरची कॉफी तसलीच असते. आय लाफ्ड. दहा दिवसांनी सगळीकडे येत होतं, चव जाणं हे लक्षण आहे म्हणून. तिने मला सांगितलं होतं, बाबा. मी डॉक्टर आहे आणि तिने मला सांगितलं होतं."

मी म्हटलं, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, तिला पेशंटसमोर उभं राहवत नाही. कोणी काहीही सांगितलं तरी वाटतं, आपण हेही हसण्यावारी नेऊ. नोकरी सोडायचं डोक्यात आहे.

फोन ठेवला आणि ही वही उघडली. चौदा एप्रिलचं पान.

शेवटचा शुक्रवार म्हणजे तेरा मार्च. कॉफीच्या दोन दिवस आधी. तिने आधी मला सांगितलं होतं.

याच्यापुढे आज लिहवत नाही.

२४ मे, रविवार

दोन आठवडे सावनीला सांगायचं ठरवतो आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. एका वाक्याने तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, हे मला कळतंय. पण ते वाक्य बोललं की ते माझ्या डोक्यावर येणार, तिच्या देखत. माझी मुलगीच तेवढी उरली आहे. ती माझ्याकडे कशी बघेल, याची मला भीती वाटते. भ्याड माणूस आहे मी. आजवर तशी वेळ आली नव्हती म्हणून कळलं नव्हतं.

आणि घरात आवाज येतो. दुपारी चारच्या सुमाराला, स्वयंपाकघराच्या बाजूने. कुर्र, थांबून पुन्हा कुर्र. पहिल्यांदा आला तेव्हा धावत गेलो. डेकच्या कठड्यावर मोठा पांढरा काकाकुवा बसला होता, लाकूड कुरतडत. इथे ते असं करतातच, शेजाऱ्यांची अख्खी पायरी खाल्ली. मनाला पटलं. पण परवा आणि आज आवाज आला तेव्हा कठडा रिकामा होता.

पँट्री आवरताना मागे टॅकोच्या कडक शेल्सचा डबा सापडला. जहाजावरून उतरल्यावर टॅक्सी थांबवून नीला सुपरमार्केटमध्ये शिरली होती. तांदूळ, पीठ, टॉयलेट पेपर, सगळे शेल्फ रिकामे. ती हा एक डबा घेऊन बाहेर आली, लहान पोरीसारखी खूश होऊन. "याची तरी चव लागते का बघू घरी," म्हणाली होती. मी म्हटलं, "हे माझ्या घरात शिजणार नाही," आणि मागे सारून ठेवला. गमतीत म्हटलं होतं. आता कोणाला सांगू गमतीत म्हटलं होतं म्हणून?

ग्रुपवर आज बॅरीच्या नंबरावरून मेसेज आला, "बॅरी झोपलाय, उद्या लिहील." मिनिटभरात तो पुसलेला दिसला. फोनची अदलाबदल झाली असणार. म्हातारपणी होतं असं.

६ जून, शनिवार

सावनीने राजीनामा लिहिला आहे. सोमवारी देणार. मला वाचून दाखवला. शेवटच्या ओळीशी ती आली आणि मी बोलून गेलो.

"थांब. देऊ नकोस. तिने तुला सांगण्याआधी मला सांगितलं होतं."

सगळं सांगितलं. तिचा पहिला घास, तिचं वाक्य, माझी टाळी, ग्लेनिसचा ग्लास. पँट्रीतला डबासुद्धा. दुसऱ्या दिवशी तिने ताटातलं अर्धं टाकलं होतं आणि मी टाकू नये म्हणून बोललो होतो, तेही. स्क्रीनवर ती हलत नव्हती. मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाली, "म्हणजे तिला चव लागत नव्हती आणि तू जिंकत होतास?"

"हो."

"ती आजारी पडत होती आणि तू टेबलाला ऐकवत होतास?"

"हो, सावनी."

"बाबा, मला आत्ता तुझ्याशी बोलता येणार नाही." मग, "आधी त्या लोकांना सांग. आई जिवंत आहे असं समजणारं जगात कोणीतरी आहे, हे मला सहन होत नाही. सांगितलंस की कळव. तोवर फोन करू नकोस."

एवढं बोलून तिने फोन ठेवला.

२८ जून, रविवार

बावीस दिवस तिचा फोन नाही. मी फक्त एक मेसेज केला होता, राजीनाम्याचं काय झालं? उत्तर आलं, "दिला नाही." त्या दोन शब्दांवर मी दिवस काढले.

या दिवसांत ग्रुपवर मी काही लिहिलं नाही, नीलानेही नाही. ग्लेनिसने चारदा विचारलं, सगळं ठीक ना? बॅरीने एकदा लिहिलं, नीलाशिवाय मी एकटा पडलोय.

आज दुपारी अंघोळ करून माझ्या खुर्चीत बसलो, माझा फोन घेऊन. इंग्रजीत लिहिलं, जसंच्या तसं उतरवतो आहे, मराठीत:

"नीला तीन एप्रिलला गेली. कोविड. त्यानंतर तिच्या नावाने मीच लिहीत होतो. तुम्हा दोघांना फसवलं. तेरा मार्चला ती म्हणाली होती की टॅकोला चव नाही, आणि आपण सगळे हसलो होतो. ते पहिलं लक्षण होतं. मला माफ करा. बॅरी, ती शेवटपर्यंत तुझ्याच बाजूची होती."

ग्लेनिसने वाचल्याचं दिसलं. ग्लेनिस 'टायपिंग' दिसायची आणि थांबायची. असं पंधरा मिनिटं चाललं. मी चहा ठेवला, तो उतू गेला.

मग मेसेज आला, बॅरीच्या नंबरावरून.

"डार्लिंग, बॅरी तीस मार्चला गेला. मला वाटलं होतं, निदान तुमच्याकडे तरी तो अजून नीलाशी गप्पा मारतोय."

कितीदा वाचला असेल कोण जाणे. म्हणजे एप्रिलपासून रोज दुपारी ग्लेनिस न्यूकासलला दोन फोन घेऊन बसायची आणि मी इथे. कडक टॅकोची बाजू घेणारं कोणीच उरलं नव्हतं, आणि खऱ्या टॅकोचे आम्ही दोघं जाणकार त्यांचं म्हणणं सांभाळत होतो. मी दिवसातून दहा वेळा तीच युक्ती करत होतो आणि मला तिची दिसली नाही. फोन पालथा ठेवला आणि रडलो. दहाव्याला आलं नव्हतं एवढं रडू आलं.

संध्याकाळी सावनीला कळवलं, "सांगितलं." उत्तर आलं, "दहा जुलैला बॉर्डर उघडणार म्हणतायत. अकराला येते. गाडीने."

११ जुलै, शनिवार

पहाटे तीनला निघाली आणि दुपारी दोनला पोचली. गाडीतून उतरली तेव्हा मला कळेना, जवळ जावं की नाही. तिनेच मास्क काढला आणि मिठी मारली. माफ केलंय असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. पोर वाळलीय.

घरभर फिरली. आईचं कपाट उघडलं, बंद केलं. वहीतलं 'तूरडाळ' बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "तो डबा कुठाय?"

मी काढून दिला. तिने शेल्स ओव्हनमध्ये कडक केले. मी राजमा घोटला. पिवळं चीज ती येताना घेऊन आली होती, किसलेलं, पाकिटातलं. लिंबू कापायला घेतलं तर म्हणाली, "नको. आईसारखं कर." मी लिंबू परत ठेवलं. पहिलं पान वाढून डेकच्या कठड्यावर ठेवलं. कावळा येतो का हे बघायला आम्ही दोघंही थांबलो नाही. आत येऊन बसलो. मी माझ्या खुर्चीत, सावनी खिडकीकडे पाठ करून.

"यात तिला नक्की आवडायचं काय?" सावनीने विचारलं.

"आवाज," मी म्हटलं.

तिने घास घेतला. अर्धा टॅको फुटून ताटात पडला, तिला हसू आलं आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं. मीही खाल्ला. खारट, तेलकट, मक्याचा थोडा करपट वास. चव होती. चांगली होती. हे तिला एकदा तरी म्हणायला हवं होतं.

चार वाजले होते. मी चावायचा थांबलो आणि त्या कुर्र आवाजासाठी कान देऊन बसलो. घरात खाण्याचा एकच आवाज येत होता, सावनीचा.